पाखरांच्या ताटाची राखण

उन्हाळा चढू लागला की गावोगावी एक चांगला उद्योग सुरू होतो. शाळेच्या आवारातल्या लिंबाला पाण्याच्या बाटल्या कापून टांगल्या जातात. कुणी नारळाच्या करवंट्या बांधतो, कुणी गोठ्याच्या आढ्याला ज्वारी-बाजरीचा डबा लटकवतो. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. तो २०१० पासून पाळला जातो आणि त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या दिवशी मुलांच्या हाती करवंट्या येतात, सरपंच-गुरुजींचे फोटो निघतात आणि मंडळी घरी जातात.

बाटली टांगून झाल्यावर पुढं काय होतं, हे बघायला मात्र फारसं कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाटलीत खार बसलेली असते. चिमण्या तारेवर बसून बघत राहतात. दुपारी कावळे येऊन निम्मे दाणे खाली सांडतात. सांडलेले दाणे कोंबड्या टिपतात आणि त्यांच्याकडून राहतील ते रात्री उंदीर नेतात. महिनाभराने बाटली उन्हानं तडकते, दाण्यांना बुरशी येते आणि तिकडं कुणी फिरकत नाही. चिमणीच्या नावानं घातलेल्या शेरभर दाण्यातले चिमणीच्या चोचीत मूठभर तरी गेले का, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

पाखरांना दाणे घालू नका, असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. चिऊकाऊचा घास काढून ठेवण्याची आपली रीत जुनी आहे आणि चांगली आहे. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधतात, त्यावर चिमण्या येतात आणि त्यांना कुणी हाकलत नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की ताट मांडलं की त्याची राखणही करावी लागते. शेतात कणसं भरली की आपण माळ्यावर बसतो, गोफण हातात घेतो. अंगणात पाखरांसाठी मांडलेल्या मूठभर दाण्याची राखण मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. ती न केल्यानं जे घडतं, ते चिमणी उपाशी राहण्यावर थांबत नाही. ते माणसाच्या जिवापर्यंत येऊ शकतं.

दिवसाचे पाहुणे, रात्रीचे पाहुणे

दाण्यावर येणारे नको असलेले पाहुणे दोन पाळ्यांत येतात. दिवसपाळीला खार, कावळा, कबुतर, मांजर आणि रानाजवळच्या गावात वानर. रात्रपाळीला उंदीर आणि घुशी. ही विभागणी नीट लक्षात घेतली, तर अर्धं काम तिथंच होतं. खार दिवसा हिंडते आणि रात्री घरट्यात झोपते. उंदराचं उलटं आहे. चिमणी पहाट फुटल्यापासून ऊन तापेपर्यंत जास्त खाते आणि संध्याकाळी पुन्हा थोडी येते. म्हणजे रात्री दाण्यांचं ताट भरलेलं ठेवण्याचं कारणच नाही. रात्री ठेवलेला एकही दाणा पाखराच्या पोटात जात नाही. तो फक्त उंदरासाठी असतो.

आता कुणी म्हणेल, दोन उंदरांनी चार दाणे खाल्ले तर काय बिघडलं? बिघडतं ते पुढं. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सात पिल्लं देते. अंगणात रोज खात्रीचं जेवण मिळालं की तो जोत्याच्या फटीत, सरपणाच्या ढिगात, कडब्याच्या गंजीखाली मुक्काम टाकतो. उंदीर मुक्कामाला आला की त्याच्या वासावर नाग आणि घोणस येतात. साप आपल्या अंगणात माणसाला चावायला येत नाही, तो पोटासाठी येतो. त्याच्या पोटाची सोय तिथं आपणच करून ठेवलेली असते. मग पहाटे अंधारात शेण काढायला, सरपण घ्यायला गेलेल्या बाईच्या हाताला दंश होतो.

हे भीती घालायला लिहीत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. यातली बहुतेक माणसं खेड्यापाड्यातली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे. आराखडे दिल्लीत होतात, लस प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी लागते, आणि उंदीर आपल्या जोत्याखाली असतो. पहिल्या दोन गोष्टींसाठी आपण मागणी करू शकतो. तिसरी आपल्याच हातात आहे.

हे उपाय नकोत

खार आणि उंदीर वाढले की माणूस वैतागतो आणि वैतागात भलतंच करतो. पहिला भलता उपाय म्हणजे विष. झिंक फॉस्फाईड हे आपल्याकडं शेतातल्या उंदरांसाठी ठाऊक असलेलं औषध. ते भरडलेल्या धान्यात तेलाबरोबर मिसळून बिळात घालतात. बिळात घातलं आणि बीळ बुजवलं, तर त्याचा उपयोग आहे. पण तेच आमिष अंगणात, पाखरांच्या दाण्याच्या आसपास ठेवलं, तर उंदराआधी चिमणी, होला आणि कोंबडी ते टिपतात. पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू तयार होतो आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. लहान मूल अंगणात रांगत असेल, तर विचारच नको. दुकानात मिळणाऱ्या उंदीर मारायच्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस झिंगल्यासारखा फिरतो आणि त्या अवस्थेत घुबडाच्या नाहीतर मांजराच्या तोंडी लागतो. गव्हाणी घुबड हा शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार. त्यालाच आपण असं विष घालतो.

दुसरा उपाय चिकट पुठ्ठ्याचा. उंदरासाठी लावलेल्या त्या डिंकावर खार चिकटते, पाल चिकटते, चिमणीही चिकटते आणि दिवस दिवस तडफडून मरते. तिसरा उपाय खांबाला ग्रीस किंवा जळकं ऑईल फासण्याचा. खार त्यावरून घसरते खरी, पण ते तिच्या अंगाला लागतं, पाखरांच्या पंखांना लागतं, आणि तेल लागलेल्या पंखांनी पाखराला धड उडता येत नाही. हे तिन्ही उपाय ज्याच्यासाठी दाणे घातले त्यालाच मारतात.

याच जोडीला आणखी एक गोष्ट शेतकरी बंधूंनी मनावर कोरून ठेवावी. पेरणी झाल्यावर पिशवीत उरलेलं लाल, गुलाबी, निळं बियाणं पाखरांना घालू नये. ते रंगीत दिसतं ते औषध चोळल्यामुळं. थायरम, इमिडाक्लोप्रिड यांसारखी रसायनं त्यावर असतात. वाया कशाला घालवायचं, म्हणून ते अंगणात टाकलं, तर मूठभर दाण्यात पाखरांचा थवा गारद होऊ शकतो. पुण्य करायला जाऊन पाप पदरात पडायचं. उरलेलं बियाणं पाखरं, जनावरं आणि मुलं यांच्या हाती लागणार नाही असंच ठेवावं.

घमेलं आणि पाईप

मग करायचं काय? विलायतेत लोकांना बागेत पाखरांना दाणे घालायचा मोठा नाद आहे आणि तिथं खारींचा उपद्रवही मोठा. तिथली करडी खार मूळची तिथली नव्हेच. ती १८७० नंतरच्या काळात हौसेनं अमेरिकेतून आणून सोडली आणि तिनं तिथल्या मूळच्या तांबड्या खारीला बऱ्याच भागांतून हुसकावून लावलं. तिला अडवायला तिथं घुमटासारखी झाकणं, फिरते डबे अशा तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू विकत मिळतात. आपल्याला तेवढ्या खर्चात पडण्याचं कारण नाही. तीच युक्ती कोकणातल्या बागायतदाराला केव्हाची ठाऊक आहे. नारळावर उंदीर चढू नये म्हणून बुंध्याला दोन मीटर उंचीवर हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. पत्र्यावर नखं रुतत नाहीत, उंदीर खालीच राहतो. अट एकच, शेजारच्या झाडाची झावळी त्या माडाला लागलेली नसावी.

हीच रीत अंगणात आणायची. आठ फुटांचा लोखंडी पाईप घ्या. दोन फूट जमिनीत गाडा, सहा फूट वर ठेवा. वरच्या टोकाला दाण्यांचं पसरट ताट बसवा. ताटाला काठ असावा, म्हणजे दाणा सांडत नाही, आणि बुडाला बारीक भोकं असावीत, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. जमिनीपासून साडेचार फुटांवर एक जुनं लोखंडी घमेलं पालथं घाला. मधोमध भोक पाडून पाईप त्यातून ओवायचा आणि खालून बोल्टचा टेकू द्यायचा. घमेलं थोडं हललं तर उत्तमच. खाली चढून आलेली खार किंवा उंदीर घमेल्याच्या पोटात अडकतो आणि मुकाट्यानं परत उतरतो. घमेलं नसेल तर तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा कापून पाईपभोवती गुंडाळला, तरी बरंचसं काम होतं.

पण जागा चुकली तर घमेलं असून नसून सारखं. खार खालून येत नसेल तर बाजूनं उडी मारते, नाहीतर वरून उतरते. म्हणून खांब भिंतीपासून, झाडापासून, कपड्याच्या दोरीपासून आणि विजेच्या तारेपासून आठ-दहा फूट तरी लांब हवा, आणि डोक्यावर फांदी नको. झाडाला टांगलेल्या बाटलीला खार अडवता येत नाही याचं कारण हेच. झाड हे खारीचं घर. तिच्या घरात ताट मांडायचं आणि ती खाते म्हणून ओरडायचं, याला अर्थ नाही.

मोकळं अंगण नसेल आणि टांगण्यावाचून इलाज नसेल, तर दोरीऐवजी गुळगुळीत तार दोन भिंतींमध्ये ताणावी. तारेत दीड इंची पीव्हीसी पाईपचे वीतभर तुकडे ओवावेत आणि ताट मधोमध टांगावं. खारीनं पाईपवर पाय ठेवला की तो गरकन फिरतो. पाईपलाईनच्या कामातले असे तुकडे कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी पडलेले असतात.

आणखी एक घरगुती उपाय आहे, तो म्हणजे तिखटाचा. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची करकर खातो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पाखराला मिरचीचा जाळ कळत नाही. खार, उंदीर, वानर आणि माणूस यांना तो कळतो. मिरचीचा जाळ शरीराला कुठं आणि कसा कळतो, याचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. तेव्हा ही काही ऐकीव गोष्ट नाही. किलोभर दाण्याला चमचाभर गोडं तेल आणि दोन-तीन चमचे तिखट चोळलं, तर खारीचा जोर कमी होतो. नुसतं कोरडं तिखट टाकू नये, ते वाऱ्यानं पोरांच्या डोळ्यांत जातं. हा उपाय जोडीला ठेवावा, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. भुकेली खार तिखटालाही सरावते.

कशाचे दाणे, किती दाणे

दाणा कोणता घालायचा, यावरही पाहुणे कोण येणार ते ठरतं. बाजरी, राळा, तांदळाची कणी आणि भरडलेली ज्वारी हा चिमणीचा घास. शेंगदाणे आणि सूर्यफूल ठेवलं की खारीला आमंत्रण. शिळा भात, भाकरीचे तुकडे, फरसाण, बिस्किटं ठेवली की कावळा, कुत्रं, मांजर आणि उंदीर सगळेच हजर. शिवाय शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात दोन तासांत आंबतं. शितं तिथं भुतं हे आपल्या पूर्वजांनी उगीच म्हटलेलं नाही.

दाणे किती, तर सकाळी एक मूठ. दहा-अकरापर्यंत संपतील एवढेच. उरत असतील तर दुसऱ्या दिवशी कमी करा. दिवेलागणीला ताट रिकामं झालंच पाहिजे आणि खालचं सांडलेलं झाडून घेतलंच पाहिजे. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही एक गोष्ट विसरू नका. घमेलं खारीसाठी आहे. उंदरासाठी आणि त्याच्यामागून येणाऱ्या सापासाठी दिवेलागणीचं रिकामं ताट हाच खरा बंदोबस्त.

ताट आठवड्यातून एकदा घासून उन्हात वाळवावं. गर्दी करून एका ताटात खाणाऱ्या पाखरांत रोग झपाट्यानं पसरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या एका छोट्या पाखराची संख्या अशाच एका रोगानं फार मोठ्या प्रमाणात घटली. दाणे-पाण्याच्या भांड्यांतून तो पसरतो, म्हणून तिथले पक्षीप्रेमी आता भांडी धुण्यावर भर देतात.

कुक्कुटपालन करणाऱ्या बंधूंनी तर शेडच्या आसपास पाखरांसाठी दाणा-पाणी ठेवूच नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावावर तीच पाळी आली. रानपाखरं आणि शेडमधली कोंबडी यांची गाठ पडू न देणं हे तिथं पहिलं पथ्य आहे. भूतदया दाखवायची तर शेडपासून लांब दाखवावी.

कावळा, कबुतर, मांजर, वानर

कावळ्याला आपण शत्रू मानत नाही आणि मानूही नये. पण त्याच्यासमोर चिमणी टिकत नाही. ताटावर दीड इंची चौकोनाच्या जाळीचा पिंजरा बसवला, की चिमणी आत जाते, कावळा आणि कबुतर बाहेर राहतात. कावळ्याचा घास काढायचा तर लांब, वेगळ्या जागी ठेवावा.

कबुतराची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याला दाणे घालण्याचा नाद एकदा सुरू झाला की आवरत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ऑगस्टमध्ये निदर्शकांनी ती ताडपत्री फाडली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. एका बाजूला लोकांची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला विष्ठेच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. यात गावाने शिकायचं ते इतकंच, की दाण्याची जागा आणि माप सुरुवातीलाच ठरवलं नाही, तर पुढं ते भांडण कोर्टात जातं. एसटी स्टँडवर आणि देवळासमोर पोत्यानं दाणे ओतणाऱ्यांना वेळीच चार शब्द सांगितलेले बरे.

मांजर खांबावर चढत नाही, ते झुडपाआड दबा धरून बसतं. म्हणून खांबाच्या बुडाशी दाट झाडी नको, सहा-सात फूट मोकळी जमीन हवी. दाणे टिपणाऱ्या पाखराला मांजर लांबून दिसलं पाहिजे. पण पळून बसायला दहा-बारा फुटांवर एखादी बोर किंवा मेंदीचं कुंपण असावं.

ज्या गावात वानरं येतात तिथं मात्र दाणे ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वानराला घमेलं अडवत नाही आणि तिखट फार दिवस अडवत नाही. अंगणात एकदा खायला मिळालं की टोळी कौलांवर येते, मग परसातला दुधी आणि पपई राहत नाही. तिथं फक्त पाणी ठेवावं.

पाण्यावर येणारा पाहुणा

पाणी ठेवलं की काम संपलं असं समजू नये. पाण्यावरही एक नको असलेला पाहुणा येतो. तो डास. डेंगी पसरवणारा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आशाताई आणि आरोग्यसेवक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. त्या दिवशी घरातली पिंपं रिकामी होतात, झाडावरची करवंटी मात्र कुणाला आठवत नाही. पाखरांचं पाणी रोज ओतून नवं भरावं आणि भांडं आठवड्याला घासून कोरडं करावं. भांडं मातीचं, पसरट आणि दोन-तीन बोटं खोल असावं. खोल बाटलीत चिमणीला उतरता येत नाही. टांगायच्या तारेवर मुंग्या येत असतील, तर तारेत एक पाण्याची करवंटी ओवावी. फडताळाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी युक्तीच ही. तिचंही पाणी रोज बदलायचं.

खार आणि शेतकरी

खारीचा एवढा बंदोबस्त सांगितला, म्हणून ती वाईट असं कुणी समजू नये. रामाच्या सेतूला वाळू वाहणारी खार आपल्या घराघरात सांगितली जाते. तिच्या मोठ्या भावंडाला, शेकरूला, आपण राज्यप्राण्याचा मान दिला आहे. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते त्याच्यासाठीच. झाडावरची खार झाडावर राहू द्यावी, पडलेली बोरं आणि उंबरं तिची आहेत. पण आयत्या दाण्यावर तिला अंगणात पोसलं, की ती तिथंच वाढते. मग ठिबकच्या नळ्या कुरतडते, डाळिंब आणि पेरू फोडते, संधी मिळाली तर चिमणीची अंडीही खाते. डाळिंबवाला मग औषधाची पुडी आणतो. खारीच्या जिवावर उठायची वेळ येऊ नये, म्हणूनच तिला ताटापासून लांब ठेवायचं.

चिमणी कणसातले दाणे खाते, तिला अंगणात पोसायचं कशाला, असंही शेतकरी विचारतो. त्याचं उत्तर चीनकडून घ्यावं. १९५८ साली तिथं उंदीर, माशी आणि डास यांच्या पंगतीला चिमणी बसवून तिला मारायची मोहीम काढली. किडे खाणारी चिमणी गेली तशी पिकांवर कीड वाढली. पुढच्या भीषण दुष्काळाला इतर कारणंही होती, पण १९६० मध्ये चिमणीचं नाव यादीतून काढून ढेकणाचं घालावं लागलं. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२० साली निघाला, त्यात चिमणी मोठ्या शहरांत घटली असली, तरी देशभर तिची संख्या साधारण स्थिर असल्याचं म्हटलं आहे. म्हणजे खेड्यातली चिमणी दाण्यावाचून मरत नाही. खळी, गोठे आणि किराणा दुकानांसमोर तिला दाणा मिळतो. तिला कमी पडतात ती घरट्याची जागा आणि पिल्लांसाठी किडे. माती-दगडाच्या घरात वळचण होती, भिंतीत भोकं होती. स्लॅबच्या घरात ती नाहीत. तेव्हा दाण्याच्या चार बाटल्या टांगण्यापेक्षा एक लाकडी पेटी भिंतीला सावलीत लावा. तिला सव्वा इंचाचं गोल भोक ठेवा. त्यातून चिमणी आत जाते, साळुंकी आणि कावळा जात नाहीत. बांधावरची बाभळ आणि बोर तोडू नका. परसात कीटकनाशकाचा पंप जपून चालवा. बाजरीच्या कडेच्या दोन ओळी पाखरांच्या नावानं सोडल्या, तर कुणी शेतकरी भिकेला लागत नाही. त्या दाण्यावर खार आणि उंदीर आले तरी ते आपल्या जोत्यापासून लांब असतात.

गावानं काय करावं

हे काम एकट्यादुकट्यानं केलं तरी चालतं, पण गावानं केलं तर शोभतं. सरपंच, गुरुजी आणि ग्रामसेवक भाऊसाहेब यांच्याकडे (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) चार मागण्या आहेत. झाडाला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उतरवा आणि शाळेच्या मोकळ्या मैदानात घमेल्याचा एक खांब उभा करा. एक वर्ग सकाळी मूठभर दाणे घालील आणि शाळा सुटताना ताट उतरवून ठेवील, अशी पाळी लावा. सुटीत ती जबाबदारी कोणाची हे आधी ठरवा, आणि ठरत नसेल तर सुटीत दाणे बंद ठेवा. शाळेच्या आवारात आणि देवळाभोवती उंदराचं विष आणि चिकट पुठ्ठे लावायचे नाहीत, असा ठराव ग्रामसभेत घ्या. आणि पेरणीच्या दिवसांत रंगीत बियाण्याची सूचना दवंडी म्हणा, व्हॉट्सॲप म्हणा, घरोघरी पोचवा. याला वेगळा निधी लागत नाही. लागतो तो एक पाईप, एक फुटकं घमेलं आणि संध्याकाळी पाच मिनिटं वेळ काढणारा माणूस.

तो माणूस मिळत नसेल, तर दाणे न घातलेले बरे. पाखरांना पंख आहेत, ती चार शेतं हिंडून पोट भरतात. राखण न केलेल्या ताटाचा भुर्दंड मात्र घरातल्या माणसांना पडतो.